कपारीतली गंजी

मी पेंढी ओढली आणि गंजीनं श्वास सोडला.

पौषातली सकाळ होती. वरच्या पठारावर धुकं असं बसलं होतं की माझा हात मला कोपरापर्यंतच माझा वाटत होता, पुढचा कुणा दुसरीचा. गवताच्या टोकांवर दहिवर साकळलं होतं. समोरून दोन पेंढ्या निघाल्या, तिसरी ओढली, आणि त्या भोकातून उबदार वाफ माझ्या तोंडावर आली. ओलसर, गोडसर, चघळलेल्या गवताचा वास असलेली. मग आत कुठंतरी, खोल, कुणीतरी सावकाश रवंथ करत असल्याचा आवाज.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. धुक्यात त्या पठारावर एकटं उभं राहिलं की कशाचंच नवल वाटेनासं होतं. क्षणभर मला वाटलं, ही गंजीच एक मोठी गाय असेल, इतके दिवस निजलेली, आणि आपण तिच्या अंगावरचे केस उपटतोय.

हे डांगाणातलं सांगते आहे. आमची सोनदऱ्याची वाडी डोंगराच्या कुशीत, आणि डोंगरावर हे पठार. भात जेमतेम, जनावरं मात्र भरपूर. काळी-पांढरी डांगी गुरं, धो धो पावसात उभी राहिली तरी न कुरकुरणारी. पावसाळ्यात गवत कमरेच्या वर वाढतं. पण दिवाळी सरली की ते पिवळं पडायला लागतं, आणि तेव्हाच ते कापून, वाळवून, पेंढ्या बांधून रचून ठेवलं नाही तर वणवा तरी नेतो नाहीतर वारा तरी. एक गंजी घराजवळ, परसात. दुसरी वर, पठाराच्या टोकाला, एका मोठ्या खडकाच्या कपारीला लावून. घराजवळची संपत आली की वरची मोडायची. पुढं पाऊस येईपर्यंत जनावरं जगायची ती या दोन गंज्यांवर.

त्या वर्षी कापलेलं गवत आडवं पडलेलं असताना अवकाळी आला. निम्मं काळं पडलं. आणि माझा बा, खेवजी, आदल्या सालीच उंबरावरून पाला तोडताना पडला होता. कमरेतून वाकायचा. त्याला पठार चढवत नव्हतं. म्हणून गंज्यांचं सगळं माझ्याकडं आलेलं.

मी, मथुरा, तेव्हा पंचविशीची असेन. नवऱ्याघरून परत आलेली. दोन डोंगर ओलांडून घोडसर नावाचं गाव आहे, तिथं मला दिली होती. पाच-सहा वर्षं नांदले. मूल झालं नाही. भांडण असं काही झालं नाही. एका शिमग्याला मी माहेरी आले आणि मला न्यायला कुणी आलं नाही, एवढंच. पुढं कानावर आलं की दुंदानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुसरी आणली. बा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. त्यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही.

तर ती सकाळ.

गंजी आणि खडक यांच्यामध्ये आम्ही माणूसभर जागा मोकळी सोडायचो. वारा खेळला की गवत कुजत नाही. मी खडकाला हात लावत लावत मागच्या बाजूला गेले. तिथं ती जागा पेंढ्या रचून बंद केलेली होती. मी अशी कधी बंद केली नव्हती. वरची पेंढी बाजूला सारली. मग खालची.

आत अंधार होता, आणि ऊब. गंजीची मागची बाजू पार खाऊन पोखरलेली. समोरून पाहिली तर घरासारखी भरलेली, आणि मागून एक खोली झालेली. त्या खोलीत एक गाय बसली होती. काळ्या अंगावर पांढरे मणी उधळावेत तशी. तिनं मान वळवली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा रवंथ करायला लागली. जणू मी रोजच यायचे.

"मणेरी," मी म्हणाले.

ही आमचीच गाय होती. माझ्या लग्नात बानं मला आंदण दिलेली. याच पठारावर जन्मली, इथंच वाढली. मी पायांनी चालत सासरी गेले तेव्हा माझ्या मागं दाव्याला बांधलेली चालत आली होती. परत आले तेव्हा ती तिथंच राहिली. मी तिची आठवण काढायची नाही असं ठरवलं होतं आणि बहुतेक दिवस ते जमायचं.

मी खाली बसले आणि तिच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी हातात घेतली. ती माझं मनगट चाटायला लागली. खरखरीत जीभ. तिच्यामागं गवत हललं.

"मारू नका," आतून आवाज आला. "गाय चोरलेली न्हाई. तीच आली, मी तिच्या मागं आले."

गवतातून एक बाई उठून बसली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. केसांत गवताच्या काड्या, ओठ फुटलेले, अंगावर एक विरलेली घोंगडी. डावा हात छातीशी धरलेला. उजव्या हातात विळा होता, पण ती तो विसरून गेली होती, मुलं हातातलं खेळणं विसरतात तसा.

"कुठून आलीस?" मी विचारलं.

"पलीकडून. डोंगरापलीकडून. रस्ता ठाऊक नव्हता. हिचं दावं सोडलं आणि म्हणलं, तू नेशील तिकडं. हिची शेपटी धरून चालले. रातभर धुकं. कड्यापाशी ही उभी ऱ्हायची, मी पण उभी ऱ्हायची. मग उजाडलं तवा इथं होतो. ही सरळ या कपारीत शिरली. घरात शिरल्यावानी."

"किती दिवस झाले?"

"ठाऊक न्हाई. निजायचं, उठायचं, आवळे खायचे. खडकातल्या टाक्यात पाणी हाये. भाकरी होत्या त्या सरल्या." ती थांबली. "तुमचं गवत खाल्लं हिनं. लई खाल्लं. म्या आवरलं न्हाई तिला. लई उपाशी होती ती."

"गावाचं नाव काय?"

तिनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मणेरी दुसऱ्या कुठून येणार होती? पण मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. का, ते अजून सांगता येत नाही.

"घोडसर," ती म्हणाली. "तिथल्या दुंदाची मी बायको. शेवंता. त्याची आधीची टाकली, मंग मला आणली."

बाहेर धुकं थोडं हललं. आत उजेड आला आणि गवत सोन्यासारखं नाही, मधासारखं दिसायला लागलं. मी तिच्याकडं पाहत बसले. कितीदा मी तिचा चेहरा मनात काढला होता. लाल लुगडं नेसलेली, भरल्या हातांची, हसणारी. आणि ती ही, काड्यांनी भरलेली, थंडीनं निळी पडलेली, माझ्या गवतात बसलेली.

"आधीची म्हणजे मी," मी म्हणाले.

तिनं विळा खाली ठेवला. रडली नाही. मणेरीच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "तरीच ही इकडं आली."

हाताचं विचारलं तेव्हा म्हणाली, चुलीवर पडले. मी त्या चुलीपाशी पाच-सहा वर्षं बसले होते. माणूस पडेल अशी ती चूल नव्हती. पण मी तेव्हा पुढं विचारलं नाही.

"का निघालीस?" एवढंच विचारलं.

"मणेरीला बाजारात न्यायची ठरली होती. भाकड हाये, व्येत न्हाई, हिला वैरण कोन घालील म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, खाटीक घेतोच हाये. आनि मंग म्हणाल्या, या दुसरीचं पण बघाया लागंल. माझ्याकडं बघून म्हणाल्या." ती मणेरीच्या कानामागं खाजवत होती. "आईबा न्हाईत मला. मामाकडं गेले असते तर त्यानं दुसऱ्या दिशी परत आणून सोडली असती."

मी गवताचा भारा बांधला. तिला उठवलं. भारा माझ्या डोक्यावर, पुढं मणेरी, मध्ये शेवंता, मागं मी. धुक्यात त्या दोघी मधूनच नाहीशा व्हायच्या, आणि मला वाटायचं, मी एकटीच उतरतेय, भास झाला होता. मग पुन्हा मणेरीचं शेपूट दिसायचं, आणि ते धरलेला एक हात.

बा पडवीत बसला होता. आधी मणेरी दिसली त्याला. तो काठी टेकत उठला, तिच्यापाशी गेला, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, शिंगांच्या बुडाशी दाबून पाहिलं, शेपटीच्या मुळाशी चिमूट घेतली.

"खायाला घालीत नव्हते," तो म्हणाला. मग शेवंताकडं वळला. "आनि तुला?"

मी सगळं सांगितलं. वरची गंजी मागून किती पोखरली तेही सांगितलं. गवताच्या बाबतीत बा कडक माणूस. पेंढी सांडलेली दिसली तर वाडीतल्या कुणालाही थांबवून उचलायला लावायचा. त्यानं परसातल्या गंजीकडं पाहिलं.

"पुरायचं न्हाई," तो म्हणाला.

"तिला परत धाडायची म्हणतोस?"

"बाईमाणसाचं कोन बोलतंय? मी गवताचं बोलतोय." तो चिडला. "तिला आधी भाकर घाल. हाताला हळद लाव. मंग बसू गवताचं बघाया."

दुपारी आम्ही तिघं बसलो. बानं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. गाभण गायी वेगळ्या, कामाचे बैल वेगळे, म्हाताऱ्या वेगळ्या. "जिच्या पोटात वासरू, तिला पवन्या नि मारवेल, चांगलं हिरवट वाळलेलं. बैलांना आता काम न्हाई, त्यांना काळं पडलेलं झटकून घालायचं, भाताच्या पेंढ्यात मिसळून. एकदम टाकायचं न्हाई. सकाळी थोडं, सांच्याला थोडं. गव्हाणीतच. पायाखाली गेलं ते गेलं."

"आनि मणेरीला?" शेवंतानं विचारलं.

मी बाच्याकडं पाहिलं. तिला कशात धरायची? गाभण नाही, कामाची नाही, म्हातारीही नाही.

"तिला जे असंल ते," बा म्हणाला. "दावणीला हाये ना? मंग वाट्याला हाये."

मग हिवाळा सुरू झाला. म्हणजे होताच, पण मला तो तिथून सुरू झाला असं वाटतं. त्या दिवसांची आठवण काढली की सगळं एका लांब स्वप्नासारखं येतं, ज्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. सकाळी धुक्यात आम्ही दोघी पठारावर जायचो. ती एका हातानं, मी दोन्ही हातांनी. गंजी वरून उतरवायचो, पेंढी सोडून हुंगायची. कुबट वास आला की बाजूला. बुरशीची पांढरी धूळ उडाली की झटकायची, उन्हात पसरायची. कुसळं असलेली वेगळी, कारण ती जनावराच्या तोंडात रुततात. शेवंताला सुरुवातीला वास कळत नव्हता. ती प्रत्येक पेंढी माझ्या नाकाशी धरायची. मग एक दिवस तिनं धरली नाही, तिनंच ठरवलं, आणि ते बरोबर होतं.

उन्हं वर आली की धुकं दरीत उतरायचं आणि पठार एखाद्या नावेसारखं वर राहायचं. आम्ही खडकाला पाठ लावून बसायचो. तिथं आम्ही घोडसरच्या घराबद्दल बोलायचो.

"मागचं दार अजून अडतंय का?"

"उचलून लोटायला लागतं."

"उजव्या बाजूनं."

"व्हय, उजव्या बाजूनं. आनि आत्याबाई पहाटं उठल्या की—"

"खोकतात आधी. खोटं."

"खोटं!" ती हसायची. "जाग यावी म्हणून."

असं ते विचित्र होतं. एकाच घराच्या दोन वाटा चालून आलेल्या आम्ही. एकाच जात्यावर दळलेलं, एकाच विहिरीचं पाणी शेंदलेलं, एकाच माणसाच्या शेजारी निजलेल्या. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. पण एकदा ती म्हणाली, "ते वाईट न्हाईत तसे," आणि मी म्हणाले, "न्हाईच," आणि दोघींनी एकदमच दरीकडं पाहिलं.

गवत कमी पडायला लागलं तेव्हा आम्ही खालच्या गावात भाताच्या खळ्यावर राबायला गेलो आणि मजुरीऐवजी पेंढा मागितला. डोक्यावरून भारे वाहिले. रानात उंबराचा, आसाण्याचा पाला तोडला. झाडावर शेवंता चढायची. हात बरा झाला होता. मी खाली उभी राहायचे आणि वरून पानं पडायची, सावकाश, फिरत फिरत. बाच्या पडण्याची भीती माझ्या मनात होती. ती वरून म्हणायची, "आक्का, डोळे मिटून का उभ्या?"

ती मला कधी आक्का म्हणायला लागली ते आठवत नाही.

माघ सरता सरता दुंदा आला.

दुपारची वेळ होती. बा पडवीत दावं वळत होता, मी गव्हाणीत पाला टाकत होते, शेवंता आत होती. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. वाळला होता. मी त्याला तीन-चार वर्षांनी पाहत होते, आणि मला वाटलं होतं की पाहिल्यावर काहीतरी तुटेल किंवा पेटेल. काहीच झालं नाही. वाटेनं जाणारा माणूस असावा तसा तो दिसला. चप्पल झाडून बाहेर ठेवली त्यानं. चालीरीतीचा माणूस होता.

"मामा, रामराम."

"ये. बस," बा म्हणाला.

तो बसला नाही. "घरचं माणूस नि गाय इकडं आल्याचं कळलं. न्यायला आलो."

"गाय माझी हाये. पोरीला दिली होती. पोर परत आली, गाय राहिली. आता आली."

"गाय ठेवा," दुंदा म्हणाला. "भाकडच हाये. तिला पाठवा."

शेवंता दारात येऊन उभी राहिली. तिचा डावा हात अजून थोडा वाकडा होता. तो तिनं पदराखाली घेतला नाही.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही.

"आईनं सांगितलंय, आली न्हाई तर दुसरीकडं बोलणं करू."

"करा."

तो माझ्याकडं वळला. पहिल्यांदाच. रागावलेला नव्हता, दमलेला होता. लोकांनी हसू नये म्हणून माणसं आधी स्वतःच हसतात, तसा हसला.

"चांगलंय," तो म्हणाला. "दोन वांझा नि एक भाकड. घाल गवत, मथुरे. बसून घाल."

माझ्या हातात पाल्याची फांदी होती. मी ती गव्हाणीत टाकत होते. हात तसाच राहिला. बैलानं माझ्या हातातून पानं ओढून घेतली.

तो शब्द मला नवा नव्हता. त्याच्या आईच्या तोंडून, पाणवठ्यावर, कुणाच्या बारशाला न बोलावण्यातून, मी तो इतकी वर्षं ऐकत आले होते की तो माझ्या नावाचाच एक भाग झाला होता. मी परत आले तेव्हा तो घेऊन आले. बासमोर बसून जेवतानासुद्धा तो माझ्या शेजारी असायचा. माझ्यात काहीतरी वाळलेलं आहे, हे मला सूर्य उगवतो इतकं ठाऊक होतं.

पण त्या दिवशी तो म्हणाला, दोन.

"दोघी?" मी म्हणाले.

"काय?"

"दोघी कशा रे?" मी मोठ्यानं बोलले नाही. मला खरंच विचारायचं होतं. "मी एक असंन. ती पण? आम्ही दोघी दोन डोंगरांच्या, दोन घरांतल्या. एकच काय ते सारखं होतं आमच्यात."

बाच्या हातातलं दावं थांबलं. शेवंतानं दाराची चौकट धरली. तिच्याही डोक्यात ते तेव्हाच आलं असावं, कारण तिचे डोळे मोठे झाले आणि ती माझ्याकडं पाहत राहिली, जणू मी तिला कपारीतून दुसऱ्यांदा बाहेर काढत होते.

दुंदा उभा होता. मी त्याला चिडताना पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. तो हळूच पडवीच्या कडेला टेकला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आणि आता सांगितलं ते मी, जनावरांना पाला टाकता टाकता.

"पाणी दे," तो म्हणाला.

मी तांब्या भरून आणला. तो सगळं पाणी प्याला. तांब्या परत देताना माझ्याकडं पाहिलं नाही.

"जेवून जा," बा म्हणाला.

"नको मामा. उन्हं कलतील."

तो गेला. डोंगराच्या वळणापर्यंत आम्हाला दिसत होता. मग नाही. बानं दावं पुन्हा हातात घेतलं, दोन पीळ घातले, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मला ठाऊक असायला पायजे होतं, पोरी. इतकी गुरं पाळली मी. गायी फळत न्हाईत तवा आपण आधी वळू बघतो."

एवढंच. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. शेवंताही आली. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत तिथंच होतो, आणि जनावरांना चारा घालायला उशीर झाला, जो बानं आयुष्यात कधी होऊ दिला नव्हता.

गवत कसंबसं पुरलं. पुरलं म्हणजे काय, चैत्रात एक म्हातारी गाय गेली. झोपली ती उठलीच नाही. बाकीची हाडं काढून का होईना पण उभी राहिली. गाभण तिघी सुखरूप व्याल्या. मणेरी कधीच व्याली नाही. पुढं पुष्कळ वर्षं जगली, आयतं खाल्लं, आणि बा तिला इतरांच्या इतकंच घालत राहिला. कुणी विचारलं तर म्हणायचा, तिनं माणूस आणून दिलं.

तिसरी दुंदानं आणली नाही. त्याची आई म्हणे वर्षभर बोलत होती, मग थकली.

शेवंता आमच्याकडं पुढचा कार्तिक आणि त्याच्या पुढचा कार्तिक राहिली. त्या दोन्ही वर्षी आम्ही इतकं गवत कापलं की कपारीला गंजी मावेना. मग खालच्या गावातल्या एका बिजवराचं स्थळ आलं, खळ्यावर राबताना त्यानं तिला पाहिलं होतं. चांगला, हळू बोलणारा माणूस. बानंच पुढं होऊन दुंदाकडून काडीमोड घेऊन पाट लावून दिला. जाताना ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आक्का, तुमचं पण बघू या."

"बघू," मी म्हणाले.

माझ्यासाठीही स्थळं आली होती. एक तर खरंच बरं होतं. मी बराच विचार केला, आणि मला जाणवलं की मला जायचंच नाहीये. आधी मी या डोंगरावर राहत होते कारण मला दुसरीकडं जागा नव्हती. आता राहावंसं वाटत होतं म्हणून राहिले. माझ्यात काय आहे आणि काय नाही, हे मी कधी पडताळून पाहिलं नाही. दुपारच्या उन्हात तो शब्द अंगणात पडला आणि कुणी उचलला नाही, तेवढं मला पुरलं.

वर्षाच्या आत निरोप आला, मुलगी झाली. मी बारशाला गेले. डोक्यावर नाचणीचं पीठ, हातात एक कोंबडी, लुगड्याला अजून गवताची कुसळं. घर बायकांनी भरलं होतं. मी दारातच थांबले. मला सवय नव्हती, बारशाच्या घरात पाऊल टाकायची.

ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन गं तू? बाळंतिणीची कोन लागतीस?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? आमच्या नात्याला जे नाव आहे ते त्या दिवशी, त्या घरात, उच्चारण्यासारखं नव्हतं. आणि दुसरं मला कुठलं ठाऊक नव्हतं.

आतून, बाजेवरून, शेवंताचा आवाज आला. थकलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"येऊ द्या त्यांना आत. माझ्या माहेरच्या हायेत."